नंदीच्या कपाळावरचे बाबाजी

श्रावण सरत आला की अकोल्याच्या बाजारात लाकडी बैल उतरतात. रस्त्याच्या कडेला पोत्यावर ओळीनं उभे, काही बोटाएवढे, काही शेळीएवढे, सगळ्यांचे डोळे एकाच काळ्या रंगानं काढलेले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की आपण इथं कसे आलो. बाजूला बेगडाच्या झुली, घुंगरं, रंगीत गोंडे. पावसानं दोन दिवस उघडीप दिलेली असते आणि उकाडा असा, की शर्ट अंगावरून सोलून काढावा लागतो. परवा त्या रस्त्यानं जाताना ओल्या रंगाचा वास आला आणि मी स्कूटर थांबवली. घ्यायचं काही नव्हतं. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वऱ्हाडात पोरांचा तान्हा पोळा असतो, चाकं लावलेले लाकडी नंदी दोरीनं ओढत पोरं घरोघर हिंडतात. आमच्या घरात त्या वयाचं आता कोणी नाही. तरी प्रत्येक बैलाच्या कपाळाकडे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. याला कारण माझी धाकटी आत्या आणि तिचा नंदी.

पण आधी माझ्या खोडीबद्दल सांगतो. मी नाणी जमवतो. सगळी नाही, एकाच माणसाची. त्यांचं नाव घ्यायची गरज नाही, तुमच्या खिशातल्या प्रत्येक नोटेवर ते हसताहेत. आमच्याकडे त्यांना बाबाजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारनं त्यांची नाणी काढली, शाळांनी बिल्ले वाटले, संस्थांनी पदकं पाडली. त्या सगळ्यांनी मिळून आमच्या कपाटाचा एक खण अडवला आहे. हा खण सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, साड्यांसाठी हवा होता. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण हा विषय अजून मिटलेला नाही.

"एकाच मानसाचं तोंड दोनशे बार पाहून काय भेटते तुमाले?" असं ती विचारते.

मी सांगतो, साल वेगळं असतं, टांकसाळ वेगळी असते.

"तोंड तेच हाय ना?"

यावर मी खण बंद करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याला महिनाभर असताना मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. गळ्यात जाड साखळी घातलेला एक इसम बाबाजींचं नाणं कॅमेऱ्यासमोर नाचवत सांगत होता, की हे तुमच्या घरात असेल तर सात लाख रुपये तुमचे. तसली नाणी माझ्याकडे डबाभर होती. सुधानं तो व्हिडिओ दोनदा पाहिला, आणि त्या संध्याकाळी मला न मागता चहाबरोबर खारी मिळाली. दुसऱ्या दिवशी मी तिला खरं काय ते समजावून सांगितलं. ती नाणी सरकारनं पोत्यांनी पाडली होती, त्यामुळे त्यांना फार भाव नाही. खारी बंद झाली.

कॉलनीला मात्र कोण समजावणार? निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे फारसं कोणी येत नव्हतं. आता सकाळी दात घासून होत नाहीत तोच दारात माणसं उभी. मीही, खोटं कशाला बोलू, थोडा फुगलो. टेबल ओसरीत काढलं, भिंग काढलं, मऊ फडकं पसरलं. आलेल्या प्रत्येकाला मी सांगत असे, सालाखालची खूण पाहायची, ठिपका आहे की चौकट की चांदणी, त्यावरून टांकसाळ कळते. मग बाबाजींचा कान पाहायचा, कारण तो वर आलेला असतो आणि सगळ्यात आधी झिजतो. आणि दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हा माझा नियम. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी खोटं बोललो असेन, कचेरीत तर रोजच, पण नाण्याच्या बाबतीत कधी बोललो नाही.

शेजारच्या ढोकेकाकूंनी रुमालात बांधून एक नाणं आणलं. त्यावर कान नव्हता, नाक नव्हतं. बाबाजी गोटीसारखे गुळगुळीत झाले होते.

"काकू, हे घासलं कोणी?"

"मीच. दरसाल लक्ष्मीपूजनाले चिंच अन् राखोंडीनं घासतो आमी. पाहा ना, कसं चमकून राह्यलं."

"घासलं की किंमत जाते, काकू. नाणं जसं आहे तसंच ठेवायचं असतं."

"म्हंजे लक्ष्मीसमोर घान ठेवाव काय?" काकू असं म्हणाल्या आणि रुमाल पुन्हा बांधून निघून गेल्या. पुढे आठ दिवस त्यांनी आमच्याकडे विरजण मागितलं नाही.

ऑटोवाले रफीकभाई आले, ते अख्खी ऑटोच दारात घेऊन. नाणं त्यांनी हँडलच्या वर पक्क्या गोंदानं चिकटवलं होतं. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, मागची बाजू पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ते म्हणाले, "साहब, पीछे की साइड तो ऑटो है." मी हसलो. मागची बाजू न दाखवणारं आणखी एक नाणं माझ्याच नात्यात आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

त्याच आठवड्यात भातकुलीहून फोन आला. अमरावतीजवळचं हे गाव, खारं पाणी, काळी जमीन, आणि तिथं आमची धाकटी आत्या. फोन तिच्या मुलाचा, विनायकचा. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, पण आवाजात दहावीच्या निकालाची धडधड.

"भाऊ, व्हिडिओ पाह्यला काय?"

"पाहिला."

"आपल्या नंदीच्या कपाळावर तेच हाय ना? आज्या सांगे, सरकारी चांदी हाय म्हनून. पेचकस घेऊन काढतो म्हन्तो, पन आई हातच लावू देत नाही. तुमी या अन् आईले समजावा. मी इकडं ट्रॅक्टर पाहून आलो."

"घेतला?"

"नाही. रंग पसंत केला."

तासाभरात आत्याचा फोन. "इनायक बह्याड झाला. तू ये, अन् त्याले सांग का ते फुक्कट हाय."

"आत्या, पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

"पाह्याचं काय त्यात? लहानपनापासून पाहूनच राह्यला ना तू?"

"मागची बाजू नाही पाहिली."

ती म्हणाली, "मागची बाजू कोनीच पाह्याची नाही," आणि फोन ठेवला.

पोळा चार दिवसांवर होता. मी बसनं मूर्तिजापूर, बडनेरा करत भातकुलीला पोचलो. त्या दिवसांतला तो रस्ता मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना पराटी, म्हणजे कपाशी, गुडघ्यापर्यंत आलेली असते, सोयाबीन गच्च भरलेलं, आणि मधूनच कोणाच्या तरी वावरात पाणी साचून त्यात आभाळ पडलेलं असतं. बसमध्ये माणसांचा, भिजलेल्या पोत्यांचा आणि कोणीतरी नेत असलेल्या शेवचिवड्याचा वास. लहानपणी दर पोळ्याला मी याच वाटेनं वडिलांचा हात धरून आत्याकडे येत असे. आत्या माझ्याहून जेमतेम अकरा वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन भातकुलीला गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि आमच्या अमरावतीच्या घरात एकदम कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं.

नंदी देवघराच्या कोपऱ्यात पाटावर उभा होता. दीड हात लांब, सागवानी, चार चाकांचा. विनायक वर्षाचा असताना आत्याच्या सासऱ्यांनी तो सुताराकडून करवून घेतला. कपाळावर पितळी कडं, कड्यात लाखेनं बसवलेलं ते गोल चांदीसारखं काही, आणि त्यावर पन्नास वर्षांचा शेंदूर आणि कुंकू. त्यातून बाबाजींचं डोकं फक्त उंचवटा म्हणून कळायचं. आत्याचे सासरे तान्ह्या पोळ्याला ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "शताब्दीची सरकारी चांदी हाय. अख्ख्या भातकुलीत एकच." त्या एका वाक्यावर हा नंदी गेली पन्नास वर्षं गावाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालत होता. सासरे गेले, आत्याचे यजमान गेले, पण पहिला नंबर काही हलला नाही. आणि याच कपाळावर बोट फिरवत माझा छंद सुरू झाला होता.

मी भिंग लावलं. शेंदूर दिसला. बाजूनं पाहिलं. शेंदूर दिसला.

"उलीसा खरवडू का?" मी विचारलं.

"हात तर लावून पाह्य," आत्या म्हणाली. तिचं सासरचं नाव शांता. लग्नात ते ज्यानं सुचवलं त्याला मला एकदा भेटायचं होतं.

विनायक बिचारा घायकुतीला आला होता. त्यानं गावभर सात लाखांचा डंका पिटला होता. शेवटी त्यालाच सुचलं. मागच्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला होता. "आई, गुडघा फोडला काय माह्या? बाहेरूनच पाह्यला ना अंदरचा? तसाच याचा काढू." सुधाचा भाचा प्रशांत अकोल्यात एक्स-रे काढायचा, म्हणजे कामही घरातच. आत्यानं बराच विचार केला. "फोटूच काढतेत ना? कपाळाले हात नाही लावत ना?" मग म्हणाली, "मी संगं येतो."

अशा रीतीनं आम्ही तिघं आणि नंदी अकोल्याच्या बसमध्ये चढलो. नंदी आत्याच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, फक्त शिंगं बाहेर. कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि थबकला.

"आजी, हे लगेज लागन."

"काहून? मांडीवर हाय."

"वजन हाय ना त्याचं."

"तुह्या पोटाचं तिकीट काढलं काय तू?"

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. त्यानं नंदीला हात जोडले ते मी पाहिलं.

प्रशांतच्या तिथे बाकावर हात मोडलेले, छाती भरलेले, असे खरे पेशंट होते. त्यांनी नंदीला जागा करून दिली. प्रशांतनं सवयीनं फॉर्म पुढे ओढला. "पेशंटचं नाव?"

"नंदी," आत्या म्हणाली.

"वय?"

"इनायकापरीस एक वर्सानं लहान."

त्यानं तेही लिहिलं. नंदीला टेबलावर आडवा केला, पट्टी लावली, आम्हाला बाहेर काढलं आणि काचेआडून ओरडला, "श्वास रोका." कोणाला म्हणाला देव जाणे. पण मी शेजारी पाहिलं तर आत्यानं खरंच श्वास रोखला होता. "सोडा" म्हटल्यावरही तिनं तो लगेच सोडला नाही.

फिल्म वाळली. विनायक पैसे द्यायला आणि चहा सांगायला खाली गेला होता. प्रशांतनं ती उजेडासमोर धरली. डोकं, नाव, साल, यातलं काही एक दिसलं नाही, नुसता पांढरा गोळा. पण त्या गोळ्याला वरच्या अंगाला, पितळी कड्याच्या आत दुमडलेला, एक बारीकसा कान दिसत होता. ज्यात रिबीन ओवतात ती कडी. जगातल्या कोणत्याही टांकसाळीत नाण्याला कडी लावत नाहीत. ती पदकाला असते.

मी आत्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे पाहत होती.

"दिसली का कडी?" तिनं न वळताच विचारलं.

"आत्या, हे नाणं नाही."

"माहीत हाय मले. मेडल हाय. माह्यं."

मग तिथंच बाकावर, एका बाजूला प्लास्टर घातलेला पाय आणि दुसऱ्या बाजूला नंदी, अशी बसून तिनं सांगितलं. शताब्दीच्या वर्षी ती अकरावीला होती. शाळाशाळांची वक्तृत्व स्पर्धा झाली आणि तिचा पहिला नंबर आला. त्याच वर्षी लग्न झालं. पदक तिनं पेटीत साड्यांच्या तळाशी घालून सासरी आणलं. सासूनं पाहिलं आणि म्हणाली, हे सैपाकघरात कुठं टांगतं? विनायकसाठी नंदी करवला तेव्हा सासऱ्यांना त्याच्या कपाळाला काहीतरी चमकतं हवं होतं. आत्यानं पदक पुढे केलं. त्यांना पसंत पडलं. पण सुनेचं बक्षीस नंदीच्या कपाळावर म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून त्यांनी नाव लिहिलेली बाजू लाखेत दाबायला लावली आणि गावात सांगितलं, सरकारी चांदी.

"अन् तू काही बोलली नाहीस?"

"बोलत होती ना. तीच तर सवय मोडली म्या," ती म्हणाली. "पन दरसाल मिरवनूक निघे तवा मी दारात उभी राहो. माह्यं मेडल सगळ्याच्या पुढं जाये. मले माहीत होतं, तेवढं बस होतं. आता इनायक काढन. अंदर पितळ निंगन. मंग फेकून देईन. तू सांग, फुक्कट हाय म्हनून, म्हंजे हात नाही लावनार तो."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला लाज वाटली. कारण ती बोलत असतानाच मला अमरावतीचा गोठा आठवला. आत्या गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून भाषण पाठ करायची, कारण घरात बाकी कोणी पुरतं ऐकून घेत नसे. "अध्यक्ष महाराज, गुरुजनवर्ग," असं ती म्हशीला म्हणे आणि म्हैस रवंथ करता करता थांबे. बक्षीस आणलं त्या दिवशी आजीनं वाटलेला पेढा मी खाल्ला होता. पन्नास वर्षं मी कोणत्या नाण्याखाली ठिपका आणि कोणत्या खाली चांदणी हे लक्षात ठेवलं. आणि घरात आलेलं बाबाजींचं पहिलं पदक मी विसरून गेलो होतो.

परतीच्या बसमध्ये विनायकनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि अर्ध्या बसनं ती तपासली. मागच्या सीटवरचे एक काका म्हणाले, "कपाळात गोटी हाय. ऑपरेशन करा लागन." पेशंट कोण ते त्यांना दाखवल्यावर म्हणाले, "तरी मंग."

मी दोन दिवस भातकुलीतच राहिलो. खऱ्या बैलांचा पोळा झाला. तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाली, घरोघर पुरणपोळी. ताटावर बसूनही माझा हिशोब चालू होता. फुकट आहे म्हणावं तर आत्याचं पदक वाचत होतं आणि ते बाजारभावानं खरंही होतं. पण तेवढंच सांगणं म्हणजे एकच बाजू दाखवणं झालं. माझा नियम माझ्याच गळ्यात आला होता.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी विनायकनं अंगणात खुर्च्या मांडल्या. शेजारचे वसंताभाऊ आले, आणखी पाचसहा जण आले. गल्लीतली पोरं आपापले नंदी घेऊन दारात रांगेत थांबली होती, कारण आमचा निघाल्याशिवाय बाकीचे निघत नाहीत. आत्या स्वयंपाकघराच्या दारात.

"सांगा भाऊ," विनायक म्हणाला. "सात नाही तर पाच. किती?"

"विनायक, हे नाणं नाही. पदक आहे."

विनायकचा चेहरा पाहून मला ट्रॅक्टरचा रंगसुद्धा उडालेला दिसला.

"मेडल?" वसंताभाऊ म्हणाले. "कोनाचं?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. मी गप्प बसलो. आणि तीच चूक झाली, कारण आमच्या वऱ्हाडात कोणी गप्प बसलं की बाकीचे ती जागा लगेच भरून काढतात.

"आज्याचंच असन," एक जण म्हणाला. "बाबाजीचं मेडल म्हंजे लढ्यातलं."

"आज्या एकडाव वर्ध्याले पायी गेल्ता, मले आठवते," वसंताभाऊ म्हणाले.

"म्हैस आनाले गेल्ते," आत्या दारातून म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

"अबे, बाबाजीले भेटला असन तथी. कोनाले सांगतलं नाही. पयलेची मानसं सांगत नव्हती."

"तुरुंगातबी गेला असन."

"गेला असन म्हंजे? गेलाच."

पाच मिनिटांत आत्याचे सासरे सहा महिने सक्तमजुरी भोगून बाहेर आले. आणखी दोन मिनिटांत त्यांनी बाबाजींना पाण्याचा तांब्या दिला. विनायकच्या गालांवर रंग परत आला. गावाच्या वेशीवर आजोबांच्या नावाचा फलक लावायचं ठरलं आणि फलकाला रंग कोणता यावर वाद सुरू झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती पेचकस घेऊन बाहेर आली.

"घे," ती मला म्हणाली. "काढ."

"आत्या, नक्की?"

"एक डाव घेतलं त्यानं माह्यं. म्या देल्लं. आता मेल्यावरबी तोच घेऊन राह्यला. दोनदोन डाव नाही द्याची मी." आणि मग, "तू म्हन्तो ना, दोनी बाजू पाह्यल्याबिगर बोलाचं नाही. पाह्य मंग."

पेचकस कड्याखाली घातला. पन्नास वर्षांचा शेंदूर खपल्यांनी अंगणात पडला, लाख कटकन तुटली आणि पदक माझ्या तळहातावर आलं. मी ते उलटं केलं. इतकी कोरी बाजू मी माझ्या उभ्या जन्मात पाहिली नव्हती. चिंच नाही, राख नाही, बोट नाही, वारा नाही. कोरीवकाराच्या हत्याराची रेघन्‌रेघ शाबूत. मी मोठ्यानं वाचलं. "वक्तृत्व स्पर्धा. प्रथम क्रमांक. कुमारी कमल पुंडलिक गावंडे."

अंगणात कोणाला काही कळलं नाही. वसंताभाऊंनी विचारलं, "हे कमल कोन?" विनायकनं ते नाव मामांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून शंभरदा ऐकलं असेल, पण त्या घटकेला त्यालाही कपाळ चोळावं लागलं.

"मी," आत्या म्हणाली.

फलकाचा विषय तिथंच राहिला. विनायक उठून उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. मग त्यानं जे विचारलं त्याबद्दल मी त्याचे सगळे अपराध माफ केले. "आई, भाषन येते काय अजून?"

आत्यानं पदर नीट केला. हात मागे बांधले. आणि वऱ्हाडीचा लवलेश नसलेल्या, खडखडीत शाळेतल्या मराठीत तिनं सुरुवात केली. "अध्यक्ष महाराज, गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधुभगिनींनो." अख्खं भाषण म्हटलं. मध्ये एका ठिकाणी अडखळली, डोळे मिटले आणि मागच्या वाक्यापासून परत धरलं. दारातली पोरं दोऱ्या हातात धरून उभी होती. मिरवणूक अर्धा तास उशिरा निघाली, असं भातकुलीत कधी झालं नव्हतं. गोठ्यातली म्हैस मान वळवून पाहत होती, हे मी शपथेवर सांगतो.

भाषण संपल्यावर वसंताभाऊंनी पहिल्यांदा टाळी वाजवली आणि मग हळूच माझ्याकडे सरकून विचारलं, "तरी पन, बाजारात किती?" मी खरं ते सांगितलं. पितळ आहे, वर चांदीचा मुलामा, बाजारात त्याचं काही येणार नाही. आत्यानं ते ऐकलं आणि तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

पदक पुन्हा बसवायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं बाबाजींची बाजू वर केली. आत्यानं माझा हात धरला. "उलटं बसव. बाबाजीनं पन्नास वर्सं पोळा पाह्यला. आता त्याईले आराम करू दे." तसं ते बसलं. नंदी निघाला. दारोदारी बायका कुंकू घेऊन आल्या, नंदीच्या कपाळावरचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं आणि मग त्या नावाला कुंकू लावलं.

यंदा बाजारातून घरी आल्यावर मी आत्याला फोन केला. विनायकनं ट्रॅक्टर अजून घेतलेला नाही, पण आईच्या मेडलची गोष्ट त्याची आता सात लाखांपेक्षा जास्त माणसांना सांगून झाली असेल. मी न राहवून तिला जे सांगायचं ते सांगितलं, की दरसाल कुंकू लावून आणि चिंचेनं घासून अक्षरं बोथट होताहेत, मागच्या पोळ्याला तर 'प्रथम'मधला 'प्र' बोटाला लागतच नव्हता. घासणं थांबव, नाहीतर थोड्या वर्षांत नाव पार जाईल.

"तुह्या नियमानं किंमत कमी झाली असन ना?"

"झालीच आत्या."

"लाकडात तोंड खुपसून पन्नास वर्सं नवं राह्यलं होतं ते," ती म्हणाली. "आता झिजू दे."